उजवीकडून येणारे

“अक्षरं आणखी मोठी करू का, बाई?”

नीट टेकायच्या आतच स्वरूपानं विचारलं. नेर्लेकर बाई ओसरीवर फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. कॉलेजात जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेलं. घाईनं उत्तर द्यायची सवय त्यांना नव्हती.

“कसली अक्षरं गं?”

“पाटीची! कॉलेजसमोरच्या सर्कलला लावलीय ना, माझ्या प्रकल्पातली. ‘उजवीकडून येणाऱ्यास आधी जाऊ द्यावे.’ इतकं स्वच्छ लिहिलंय, तरी काल दोन स्कूटर धडकल्या. एका काकूंचा हात मोडला…”

तिचा आवाज चिरकला. “उद्या नगरपालिकेत मला बोलावलंय. पटलं नाही तर पाटी काढणार.”

“त्या दोघांना तू—”

“विचारलं ना! दोघंही तेच म्हणतात, आम्ही उजवीकडूनच येत होतो. धडधडीत खोटं!”

“खरं बोलतायत.”

आत कुकरची शिट्टी झाली. स्वरूपा केवढ्यानं तरी दचकली.

बाईंनी सुपात आठळ्या गोल मांडल्या. त्यातल्या एकीवर बोट ठेवलं.

“ही कुणाच्या उजवीकडे?”

“हिच्या.”

“आणि ही?”

“त्या… पलीकडच्या आठळीच्या.”

स्वरूपा गोलाकडे बघत राहिली. बघता बघता तिचे कान तापले. पाटी सगळ्यांनी वाचली होती. वाचून जो तो समजला होता, हे आपल्याबद्दलच लिहिलंय.

“मग मजकूर बदलते! ‘सर्कलमध्ये शिरणाऱ्याने थांबावे.’ खाली बाण. आणि दंड—”

“स्वरूपा, जरा माझं—”

“नाही बाई, ऐका ना, लाल रंगात लिहिलं तर? म्हणजे लोकांना विचार करायलाच लागेल. लोक विचारच करत नाहीत हो!”

बाई पुन्हा आठळी सोलू लागल्या.

बोलायचं होतं तेवढं सगळं बोलून झालं. स्वरूपा उठली. आपण काय बोललो नि बाई काय म्हणाल्या, याची तिच्या मनात जुळणी होईना. बाई काय म्हणाल्या होत्या?… त्यांना म्हणू दिलंच कुठे होतं?

तिनं चपला घातल्या, स्कूटीची किल्ली काढली.

“येते, बाई.”

बाई खाली मान घालून होत्या.

स्वरूपा पायरी उतरली. फाटकाच्या कडीला हात घातला… आणि तशीच उभी राहिली. मागे वळून बाईंच्या तोंडाकडे बघू लागली.

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. दुसरी गेली.

“का गं? निघालीस ना?”

“तुम्ही ‘ये’ म्हणाला नाहीत अजून.”

“मग?”

“मग… तशीच कशी जाऊ?”

बाईंनी मान वर केली.

“हे कुठल्या पाटीवर वाचलंस?”