मैनेचे पाच बार

एकदा एक चटकन दचकणारी मुलगी बंदूक शिकायला निघाली. कावळा ओरडला तरी हातातले भांडे टाकणारी ही मुलगी. आणि वडिलांच्या मागे घरात उरली होती ती नेमकी एक ठासणीची बंदूक. लांब नळीची, नळीला आतून पीळ पाडलेला, दस्त्यावर एक पितळी पक्षी. वडील तिला मैना म्हणत.

गावाचा दंडक असा, की जत्रेच्या दिवशी टेकडीच्या पोटाशी, शंभर पावलांवर, तीन भोपळे टांगायचे. बंदूक ज्या घरची, त्या घरातल्या कुणी ते तीन बारांत फोडले तर बंदूक घरात राहणार. नाही फुटले, तर जो मागेल त्याची. आजवर कुणी मागितली नव्हती. या वर्षी गावातल्या व्यापाऱ्याने मागितली. त्याला बंदूक चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. "आमच्या गादीमागच्या भिंतीवर फार शोभेल," एवढेच त्याचे म्हणणे. त्याने दोन खुंट्या ठोकूनही ठेवल्या होत्या. त्यांच्यातले अंतर जमते की नाही हे पाहायला तो दोरी घेऊन मैनेची लांबी मोजायला आला, तेव्हा मात्र मुलीचा धीर सुटला. ती तडक टेकडीखालच्या म्हाताऱ्याकडे गेली. हा किल्ल्यावरचा जुना बंदूकची. डाव्या कानाने ठार बहिरा, उजव्याने सोयीपुरते ऐकणारा.

"आजोबा, जत्रेला अठराच दिवस राहिलेत. मला शिकवाल?"

"काढ एक बार. बघू."

तिने समोर टांगलेल्या भोपळ्यावर बार काढला. भोपळा जागच्या जागी राहिला, मुलगी मात्र दोन पावले मागे गेली.

म्हाताऱ्याने तिला तीन गोष्टी सांगितल्या. दारू शिंगातून थेट नळीत ओतायची नाही, हाडाच्या मापाने मोजून घालायची. गोळी तुपात भिजवलेल्या चिंधीत गुंडाळून गजाने तळापर्यंत ठासायची. आणि दर बारानंतर नळीतली काजळी ओल्या फडक्याने पुसून काढायची. एवढे सांगून तो बोरीखाली पान चघळत डोळे मिटून बसला.

मुलगी कामाला लागली. पहिली गोळी भोपळ्यावरून गेली. दारू जास्त झाली, असे समजून तिने चिमूटभर कमी केली. दुसरी अलीकडेच मातीत घुसली. मग चिमूटभर वाढवली. तिसरी डावीकडे गेली. चिंधी जाड असणार! तिने जुन्या लुगड्याची पातळ चिंधी फाडली. चौथी उजवीकडे गेली, तेव्हा तिने तूप सोडून तेल घेतले. पाचव्या बाराला गज दोनदा जास्त आपटला, सहाव्याला श्वास रोखला, सातव्याला डोळेच मिटले.

व्यापारी रोज संध्याकाळी छत्री घेऊन येई. "जरा जपून हं, पोरी," तो म्हणे, "माझी बंदूक झिजवू नकोस. आणि हा तुपाचा घमघमाट कसला? पंगत आहे का?"

सहाव्या दिवशी चमत्कार झाला. भोपळा मधोमध फुटून खाली आला. मुलीने आनंदाने टाळ्या पिटल्या. म्हाताऱ्याने एक डोळा उघडला.

"या बाराला काय घातलं होतंस?"

"सव्वा माप. नाही, दीड. चिंधी लुगड्याची... की ती आधीची होती? पण तूप होतं आजोबा. बहुतेक तूपच."

"बहुतेक," म्हातारा म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

तिच्या जिव्हारी लागले. ज्या एका बारासाठी जीव टांगणीला लावला, तो लागला, आणि यांनी पाठ फिरवली! पुढचे चार दिवस मैनेनेही पाठच फिरवली. पुन्हा भोपळा फुटला नाही.

अकराव्या दिवशी म्हातारा भोपळे काढून आत ठेवून आला. त्याऐवजी त्याने दोन बांबूंमध्ये आपले ठेवणीतले पांढरेशुभ्र धोतर ताणून बांधले आणि त्यावर हळदीचे चार ठिपके लावले.

"एका ठिपक्याला एक माप," तो म्हणाला. "पाच-पाच बार. कमी मापापासून सुरू कर आणि दर ठिपक्याला थोडं वाढव. बाकी काही म्हणजे काही बदलायचं नाही. चिंधी तीच, तूप तेच, ठासणं तेच. गोळी कुठे जाते ते बघायचंही नाही."

"आणि चुकली तर?"

"तर चुकू दे. हात लावू नकोस."

चुकत असताना काही न करणे मुलीला फार जड गेले. बोटे आपोआप दारूच्या शिंगाकडे जात. पण तिने वीस बार काढले, वीसदा दचकली आणि मग दोघे धोतरापाशी गेले.

पहिल्या ठिपक्याभोवती जणू कुणी मूठभर जोंधळे फेकले होते. दुसऱ्याभोवतीची भोके जरा जवळ आलेली. चौथ्याची पुन्हा पांगलेली. तिसऱ्या ठिपक्याची पाचही भोके मात्र एका मुठीत मावतील अशी एकमेकांना खेटून बसली होती. फक्त ठिपक्यापासून वीतभर डावीकडे आणि खाली, धोतराच्या काठाजवळ. ठिपक्याला एकही गोळी शिवली नव्हती.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. व्यापारी छत्रीवर रेलून हसला. "वा! पाचच्या पाच फुकट!"

म्हातारा मात्र झोपडीत गेला आणि गुळाची ढेप घेऊन आला. एक खडा मुलीच्या हातावर ठेवला, एक व्यापाऱ्याच्या. मग त्या वयात त्याने चक्क गिरकी घेतली.

"आजोबा, भोपळा फुटला तेव्हा तुम्ही झोपलात," मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली, "आणि आज सगळे चुकले तर गूळ वाटताय?"

म्हातारा खाली बसला. "पोरी, त्या दिवशी तुला आनंद झाला, पण कळलं काहीच नाही. तो बार पुन्हा बोलावता येईल का तुला? नाही. दर बाराला तू काहीतरी बदलत होतीस. मैना बिचारी तोंड उघडायची आणि तू विषयच बदलायचीस. आज तू पाच वेळा एकच विचारलंस आणि तिने पाच वेळा एकच उत्तर दिलं. ते चुकलेलं आहे, असू दे. जो दर वेळी त्याच जागी चुकतो, त्याला वळवता येतं. जो दर वेळी नव्या जागी चुकतो, तो मधूनच बरोबर आला तरी त्याचा भरवसा नाही."

असे म्हणून त्याने नळीच्या टोकाशी नेम धरण्यासाठी बसवलेली पितळी माशी हातोडीने हलकेच डावीकडे सरकवली, वरून कानशीने जराशी घासली आणि मैना मुलीच्या हातात दिली. तिसऱ्या ठिपक्याच्याच मापाने काढलेले पुढचे पाच बार चौथ्या ठिपक्यावर गेले. हळद दिसेनाशी झाली.

"पण मी दचकते हो, आजोबा. प्रत्येक बाराला."

"ठाऊक आहे. हे पाचही दचकूनच काढलेस. फक्त सारखंच दचकलीस. जत्रेत तेवढंच दचक. कमी नको, जास्त नको."

जत्रेच्या दिवशी दोन भोपळे फुटले. तिसऱ्यावर नेम धरला, तोच व्यापारी इतक्या मोठ्याने शिंकला की मुलगी वीतभर उडाली. ती शिंक खरी की मुद्दाम, यावर त्या गावात आजही दोन पक्ष आहेत. बोट चापावर गेलेले नव्हते, म्हणून बरे. लोक ओरडू लागले, "काढ, काढ बार!" मुलीने मैना खाली केली. एवढे दचकणे मापाबाहेरचे होते. तिने व्यापाऱ्याला नाक पुसू दिले, छातीतली धडधड नेहमीच्या जागी येऊ दिली आणि मग पुन्हा नेम धरला. बार झाला, मुलगी दचकली, भोपळा खाली आला.

"आता माझ्या खुंट्यांचं काय करू?" व्यापारी हिरमुसून म्हणाला.

"माझं धोतर घेऊन जा," म्हातारा म्हणाला. "पंचवीस भोकं आहेत. गादीमागे फार शोभेल."

मैना खांद्यावर घेऊन मुलगी घरी निघाली. वाटेत बाभळीवरून कावळा ओरडला. ती दचकली. क्षणभर थांबून तिने मनाशी अंदाज घेतला. नेहमीइतकीच. मग ती पुढे चालू लागली.