चार बोटं पाणी

फार फार पूर्वी, गाव नाही, वेस नाही, अशा भर समुद्रात एका गलबतावर एक तांडेल राहत असे. गलबत हाकणं हा त्याचा धंदा आणि गलबत हेच त्याचं घर. बायको, मुलगा, सून, धाकटी लेक, सगळी तिथेच.

चहूकडे पाणीच पाणी, पण पिण्याजोगं तेवढं एका लाकडी पिंपात. आंघोळ खाऱ्या पाण्याने, भांडी खाऱ्या पाण्याने आणि गोडं पाणी माणशी दिवसाला चार करवंट्या. रोज सकाळी सासू पिंपात काठी बुडवून किती उरलं ते पाही.

सून नवी होती. तिचं माहेर वाहत्या ओढ्याकाठचं. खाऱ्या पाण्याने तिच्या लांबसडक केसांच्या पार जटा झाल्या. "पाण्याचा मेला एवढा कसला चिकटपणा!" ती मनात चरफडे.

एका दुपारी सगळे पेंगत असताना तिने पिंपातलं पाणी उपसलं आणि मनसोक्त न्हाली. काय बरं वाटलं तिला! मग पिंपात डोकावली, तर पाणी चांगलं चार बोटं खाली गेलेलं. सकाळी काठी बुडणार, की आपलं बिंग फुटणार!

तिने दोरीची बालदी गुपचूप समुद्रात सोडली आणि पिंप पहिल्याइतकं भरून टाकलं. एवढ्याशाने काय होतंय, असं स्वतःला समजावलं. वेडी पोर!

संध्याकाळी तापाने फणफणलेल्या नणंदेने पाणी मागितलं. सासूने करवंटी तिच्या ओठांना लावली. एक घोट घेतला आणि पोर भडाभडा ओकली.

"आई, खारट!"

तांडेलाने पाणी चाखलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अख्खं पिंप नासलं! वारा पडलाय, बंदर दोन दिवसांवर. पोरीला पाजायचं काय?"

सून पुढे आली. "मामंजी, मीच न्हाले. कमी झालेलं दिसू नये म्हणून वरून समुद्राचं ओतलं."

तांडेलाने करवंटी खाली ठेवली. "न्हालीस ती न्हालीस गो. पण उरलेलं तरी गोडं होतं ना!"

सासू उठली. फळीखालून तिने फडकं बांधलेलं एक मडकं काढलं. आत गळ्यापर्यंत गोडं पाणी!

"हे कुठलं?" तांडेल थक्क झाला.

"माझ्या वाटणीतली रोज एक करवंटी बाजूला काढत होते," सासू म्हणाली. "सणाला सूनबाईचे केस धुवायचे होते."

सुनेला रडूच कोसळलं. जन्मात एवढी लाज तिला कधी वाटली नव्हती.

त्या मडक्यातल्या घोटाघोटावर पाच जीव दोन दिवस तगले. सून फक्त ओठ ओले करी आणि आपली वाटणी नणंदेला पाजी. बंदरात पिंप घासून नव्याने भरलं, तेव्हा सासूने पाणी मोजायची काठी सुनेच्या हाती दिली.

तात्पर्य म्हणून एवढंच ध्यानात ठेवा: उधळपट्टीने चार बोटं पाणी जातं, ती लपवायला गेलं की अख्खं पिंप जातं.