स्पंजआजोबांची मानाची जागा

माशांच्या आठ पिढ्यांपूर्वी एका टाकीमागे पाणी गाळायला काचेचा छोटा हौद बसवला. कप्पे तीनच. घाण अडवणाऱ्या जुन्या स्पंजाची जागा पहिल्या कप्प्यात, पण त्याने शेवटचा, स्वच्छ पाण्याचा कप्पा अडवला. म्हणाला, "वयाचा मान!"

मग सगळी घाण मधल्या कप्प्यात पाणी शुद्ध करणाऱ्या चिनीमातीच्या कड्यांवर बसली. पाणी तुंबलं, मासे तोंड वासू लागले.

शेवटच्या कप्प्यातून पाणी परत टाकीत ढकलणारी चिमुकली मोटर फणकारली, "आजोबा, जेवणात पहिली पंगत तुमची, मग घाणीच्या वेळी शेवटची का?"

"मला शिकवतेस?"

"नाही. पाण्यावाचून जळतेय. माझ्यानंतर मासे जातील."

आजोबा कुरकुरत पहिल्या कप्प्यात सरकले. आठवड्यात ते काळेकुट्ट झाले आणि पाणी इतकं नितळ, की काचेपलीकडचे आजोबा माशांना पहिल्यांदाच दिसले.