चार कोस चालणारी कासारीण

वैद्य आधी रोग्याचं नाव विचारत आणि मग दुखणं, त्या फार फार जुन्या काळातली ही गोष्ट.

एका डोंगराळ राज्यात एक राजवैद्य होता. तरुणपणी तो एका म्हाताऱ्या गुरूंकडे शिकला. काय ते दिवस! ओसरीवर काढ्याचा वास दरवळे आणि रोगी घोंगडीवर ऐसपैस बसून बोले. कुणी लठ्ठ माणूस आला, तरी गुरू त्याच्या पोटाकडे बघत नसत. ते विचारत, "कधीपासून रे बाबा? झोप कशी लागते? आईबाप अंगाने कसे होते? मनाला काही लागलंय का? औषधं कोणती घेतोस?" ताटात काय असतं, हे सगळ्यात शेवटी.

एकदा हा शिष्य म्हणाला होता, "खातो म्हणून फुगला. त्यात विचारायचं काय?" गुरूंनी त्याला तीन दिवस रोग्याजवळ बसू दिलं नाही. नुसती मुळं कुटायला लावली.

ते दिवस मागे पडले. शिष्य राजवैद्य झाला, दारात रांगा लागल्या, आणि ऐकायला सवड उरली नाही. भरल्या अंगाचं कुणी दिसलं, की त्याचा निवाडा उंबरठ्यावरच तयार असे. "कमी खा, जास्त चाल. पुढचा!"

एके दिवशी भिवरा कासारीण आली. डोक्यावर पाटी घेऊन ती गावोगाव बायकांना बांगड्या भरायची. वर्षभरात तिचा चेहरा गोल गरगरीत झाला होता, पोट सुटलं होतं, हातपाय मात्र काटकुळे. दम लागे, घाट चढवेना. आणि घाटावरच्या गावांत गेल्याशिवाय तिची चूल पेटत नव्हती.

"पुन्हा आलीस? चाल म्हणून सांगितलं होतं ना?"

"आणखी किती चालू, वैद्यबुवा? रोज चार कोस चालते. या की एकदा पाटी घेऊन माझ्यासंगं!"

रांग खो खो हसली. राजवैद्य चिडला. "मग चोरून खात असशील."

"एक भाकरी खात होते, तिची अर्धी केली. आता काय, वारा खाऊ?"

ती उठू लागली, पण मांड्यांत बळच नव्हतं. रांगेतल्या दोघींनी हात दिला तेव्हा कशीबशी उभी राहिली. जाता जाता म्हणाली, "तुमचे गुरू माझ्या आईशी अर्धा दिवस बोलत बसले होते. तुम्ही माझी नाडीसुद्धा धरली नाहीत."

राजवैद्याच्या डोळ्यांपुढे ती ओसरी उभी राहिली. गादीवरून उतरून तो खाली जमिनीवर बसला.

"बस, भिवराबाई." तिची नाडी धरत त्याने विचारलं, "हे कधीपासून गं?"

"गेल्या शिमग्यापासून."

"त्याआधी काय झालं होतं?"

"गुडघे धरले होते. तुम्हीच पुडी दिलीत. संपली की इथूनच नेते, रोज घेते. गुडघे तेवढे झकास आहेत हो!"

राजवैद्याला सगळा उलगडा झाला. ती पुडी फार कडक होती; जास्त दिवस घेतली तर चेहरा-पोट फुगवी आणि हातापायांतलं बळ खाई. दहा दिवसांपुरतीच द्यायची. बंद कधी करायची हे त्याने सांगितलं नव्हतं, आणि पुढे वर्षभर विचारलंही नव्हतं.

रांग कान टवकारून ऐकत होती. दोन गोड शब्दांत वेळ मारून नेता आली असती. पण तो मोठ्याने म्हणाला, "या बाईचं काही चुकलेलं नाही. चुकलो मी."

मग तो तिला म्हणाला, "पुडी एकदम टाकू नकोस, जिवावर बेतेल. थोडी थोडी कमी करू. दर आठवड्याला मीच येईन तुझ्याकडे."

आठ महिने लागले. भिवरा काही छडीसारखी सडपातळ झाली नाही. तिच्या आईचाही बांधा रुंदच होता. पण ती पाटी घेऊन घाट चढू लागली.

राजवैद्याने ती पुडी दिलेली माणसं हुडकून काढली. अकरा निघाली. नऊ सावरली. दोघं तोवर गेली होती, नावाला चिकटलेला 'खादाड' हा शब्द घेऊन. त्यांच्या घरच्यांची माफी मागायला तो गेला. एका घराने दार उघडलं. दुसऱ्याने उघडलं नाही.

लहानथोरांनी यातून एवढंच घ्यावं: रोग्याचं ऐकून न घेता त्यालाच दोष देणारा वैद्य आपली चूक त्याच्या माथी मारत असतो.