काळ्या रेघेची मालकीण

“कशावरून हीच?”

चौथ्यांदा तोच प्रश्न. तरुण संशोधक उन्मेष लोखंडेनं डोळे मिटले.

“बाई, अठराव्या पानावर लिहिलंय.”

“पान वाचलं. कशावरून?”

डॉ. कुमुद आंबर्डेकर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. खगोलशास्त्र संस्थेनं त्यांना ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एक टेबल दिलं होतं आणि तिथे बसून त्या अजूनही भल्याभल्यांचे संशोधनाचे पेपर परत पाठवत. उन्मेषचा दोन महिन्यांत तीनदा परत आला होता.

काम तसं सरळ होतं. फार फार लांब एक क्वेसार आहे, म्हणजे एका दीर्घिकेचा धगधगता गाभा, शेकडो दीर्घिकांइतका प्रखर. त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला अकराशे कोटी वर्षांहून जास्त लागतात. वाटेत एखाद्या दीर्घिकेचा वायू आडवा आला, की तो त्या उजेडातला ठरावीक रंग गिळतो आणि वर्णपटात तिथे काळी रेघ पडते. रेघ कुठे पडली यावरून वायू किती लांब आहे ते कळतं. पण तो कोणाचा, हे रेघ सांगत नाही. ती दीर्घिका आकाशात हुडकून काढावी लागते.

उन्मेषनं ती हुडकली होती. ठसठशीत, तेजस्वी, रेघेच्या अंतराशी तंतोतंत जुळणारी. लाडानं तो तिला महाराणी म्हणायचा. बंगळूरच्या परिषदेत तिचं चित्र पडद्यावर आलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला होता. त्या जोरावर परदेशातली एक जागाही जवळजवळ ठरली होती. अट एकच, शुक्रवारपर्यंत पेपर रवाना झाला पाहिजे.

आज मंगळवार.

“बाई, अंतर जुळतं. चार आकड्यांपर्यंत जुळतं.”

“आपण दोघं एकाच मजल्यावर बसतो. म्हणून माझा चष्मा तुझा का?”

“हा काय प्रश्न झाला?”

“उजेडाच्या वाटेपासून ती किती बाजूला आहे?”

“तीन लाख प्रकाशवर्षं.”

“आणि वायू?”

“दाट. फार दाट.”

“घरापासून इतक्या लांब इतका दाट वायू काय करतोय?”

“आला असेल वाहून! असतात असे प्रवाह. संदर्भ दिलेत मी. तेवीस दिलेत!”

बाईंनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

कोणी आवाज चढवला की बाई ऐकणं बंद करतात, हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. आता बसा वाट बघत... वरचा पंखा कुरकुरत राहिला.

बऱ्याच वेळानं यंत्र परत कानात गेलं.

“आणखी जवळ कोणी नाही?”

“दिसत नाही. क्वेसारचा झगमगाट इतका आहे, की त्याला अगदी खेटून असलेलं काही दिसतच नाही. मग जी दिसते तीच घ्यायची ना?”

बाईंनी चित्राचा कागद ओढला आणि क्वेसारवर अंगठा टेकवला.

“काय दिसतं?”

“तुमचा अंगठा.”

“त्याच्याखाली?”

“कसं दिसणार? तुम्ही झाकलंय!”

“मी आत्ता झाकलं. तू दोन महिने झाकलेलंच बघतोयस.”



“मग काय करू, बाई? क्वेसार विझवू?”

“हो.”

तो हसला. बाई हसल्या नाहीत.

“रेघेच्या तळाशी त्याचा उजेड किती?”

“शून्य. वायूनं सगळा गिळलाय.”

“तिथे बघितलंस?”

“शून्यात काय बघायचं?”

बाईंनी पेपर त्याच्याकडे सरकवला आणि समोरचं पुस्तक उघडलं. भेट संपली होती.

जिना उतरताना उन्मेष मनातल्या मनात वाट्टेल ते बोलला. या वयात घरी बसायला काय होतं यांना? चिलीतला एक गट याच क्वेसारच्या मागे आहे, ते आधी छापून मोकळे होतील, आणि मी इथे अंगठे बघतोय.

दुर्बिणीवरच्या यंत्रानं आकाशाच्या त्या तुकड्याची रंगागणिक वेगळी चित्रं घेतली होती. साडेतीन हजार, एकावर एक, पापुद्र्यांसारखी. त्यातले रेघेच्या तळाचे अठरा पापुद्रे त्यानं पहिल्याच आठवड्यात वगळले होते. उजेडच नाही, तर ठेवायचे कशाला?

आता ते त्यानं उघडले, ते केवळ बाईंना गप्प करायला. कोरं चित्र छापायचं आणि त्यांच्या टेबलावर आपटायचं, एवढाच बेत होता.

अठरा पापुद्रे एकत्र केले. त्या रंगांतला त्याचा उजेड वायूनं गिळलेलाच होता; क्वेसार गेला.

दोन महिने डोळे दिपवणारा तो गोळा जिथे होता, तिथे काही नव्हतं. उन्मेष समाधानानं खुर्चीत मागे रेलला.

मग पुढे झुकला.

क्वेसारच्या जागेपासून जरासा खाली, एक फिकट डाग होता.

त्यानं शर्टाच्या बाहीनं पडदा पुसला. डाग तिथेच.

खात्रीसाठी सगळी निरीक्षणं दोन वाट्यांत विभागून दोन वेगळी चित्रं केली. दोन्हीत डाग.

“नको ना,” तो पडद्याला म्हणाला. “आत्ता नको.”

उजेडाच्या वाटेपासून डागाचं अंतर काढलं. बावीस हजार प्रकाशवर्षं. महाराणी तीन लाखांवर. म्हणजे वायू या डागाचा, स्वतःच्या उजेडानं मिणमिणणाऱ्या एका फिकट दीर्घिकेचा.

बुधवार अख्खा त्यानं डाग खोटा ठरवण्यात घालवला. यंत्राचा दोष असेल, भटका कण आदळला असेल, हिशेबात काही राहिलं असेल. जेवला नाही, फोन घेतले नाहीत. डाग काही हटेना.

गुरुवारी सकाळी जुनाच पेपर उघडून तो पाठवायच्या बटणापाशी येऊन थांबला. पाठवला असता तर कोणाला कळलं असतं? वगळलेले अठरा पापुद्रे कोण उघडून बघतं? चिलीवाल्यांनी बघितलेच, तर म्हणता आलं असतं, तेव्हा आम्हाला दिसलं नव्हतं...

पण दिसलं होतं.

त्यानं एक शिवी हासडली, लॅपटॉप मिटला आणि जिना चढला.

“विझला?” बाईंनी मान वर न करता विचारलं.

“विझला.”

त्यानं चित्र समोर ठेवलं. बाईंनी भिंग काढलं आणि त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

“सुरेख आहे.”

“सुरेख?” उन्मेषचा आवाज फाटला. या वेळी यंत्र कानातच राहिलं. “बाई, सगळं पहिल्यापासून लिहायला महिना लागेल. जागा जाईल माझी! आणि बंगळूरला भरल्या सभागृहात टाळ्या घेऊन आलोय मी, त्यांचं काय?”

“परत कर.”

“टाळ्या? कशा?”

“पहिल्या परिच्छेदात.”

तो समोरच्या खुर्चीत धपकन बसला. भांडायला आला होता आणि भांडण्याजोगं काही उरलंच नव्हतं. तिथेच लॅपटॉप उघडून त्यानं परदेशातल्या त्या संस्थेला पत्र लिहिलं. पेपर उद्या येणार नाही. मी चुकीच्या दीर्घिकेचं नाव घेतलं होतं.

उत्तर शनिवारी आलं, दोन ओळींचं. जागा दुसऱ्याला दिली होती.

सोमवारी तो कामाला बसला.

पाच आठवड्यांनी नवा पेपर घेऊन तो ग्रंथालयात गेला. पहिल्या परिच्छेदात महाराणी होती आणि ती कशी चुकली तेही होतं. बाईंनी सगळा वाचला. पानं उलटताना पेन्सिल एकदाच उचलली, ती शीर्षकातला ‘अखेर’ हा शब्द खोडायला.

उन्मेषनं कपाळाला हात लावला.

“आता तरी लिहू, बाई? मालकीण सापडली म्हणून?”

“दिसली, असं लिही.”

“आणि?”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

“आणि हिच्याहूनही जवळ असेल, पण जिच्यापाशी दिसण्याइतका उजेड नाही, तिच्यासाठी जागा ठेव.”