उघडी भुई आणि मालनराणीचा पावटा

एक होता राजा. कुठल्या गावचा ते विचारू नका, मलाही कुणी सांगितलेलं नाही. नाव त्याचं धवलसेन. दिगू, आधी पाय आत घे, शकूला लाथ लागतेय. घेतलास? हं.

तर हा राजा मनानं फार चांगला, पण एका बाबतीत अगदी वेडा. त्याला स्वच्छता लागायची. आपल्याला लागते तशी नाही, बरं का. राजवाडा झाडायचा, अंगण झाडायचं, ते सगळेच करतात. हा बाग झाडायला लावायचा. आणि नुसती झाडून थांबेल तर तो राजा कसला! बागेतले वाफे तो शेणानं सारवून घ्यायचा. हसू नका, खरंच सारवायचा. गुळगुळीत, देवघरापुढच्या जमिनीसारखे. झाडापुरतं एवढंसं भोक ठेवायचं आणि त्याभोवती रांगोळी काढायची. लोक लांबून बघायला यायचे.

आणि झाडाचा बहर संपला, झाड वाळलं, तर काय करायचं? त्यांच्याकडे रीतच होती. वाळलेलं झाड वाड्याच्या आवारात ठेवायचं नाही. दिवस मावळायच्या आत ते मुळासकट उपटायचं, चादरीत बांधायचं आणि गावाच्या वेशीबाहेर टाकून यायचं. मग हातपाय धुवायचे आणि मगच घरात पाऊल टाकायचं. भेंडी संपली, टाक वेशीबाहेर. झेंडू सुकला, टाक वेशीबाहेर. वांग्याची रोपं, दोडक्याचे वेल, सगळं त्याच वाटेनं जायचं.

या राजाची राणी मालन. ती माहेराहून येताना दागिने थोडेच घेऊन आली होती, पण आईनं पदरात बांधून दिलेला मूठभर पावटा मात्र जपून आणला होता. पावटा म्हणजे आपण उसळ करतो ना, तोच. पण हा जांभळ्या ठिपक्यांचा. तसा दुसरा कुठेच नव्हता. मग पुढं तिची आई वारली. माहेर असं उरलंच नाही. उरला तो पावटा.

पहिल्या वर्षी वेल मांडवभर झाला. दुसऱ्या वर्षी अर्धा मांडव. मग दरवर्षी कमी कमी. राणीला काही कळेना. बी तेच, पाणी तेच, हात तेच. राजालाही कळेना. तो म्हणाला, "मालन, आपण सारवण कमी तर करत नाही ना?" आणि त्यानं दिवसातून दोनदा सारवायला सुरुवात केली.

मग व्हायचं तेच झालं. त्या वर्षी सगळ्या बागेत मिळून एकच वेल उगवला. काडीसारखा. त्याला एक शेंग धरली, आणि बाकी पानं पिवळी पडायला लागली. राणी जेवेना की कुणाशी बोलेना. हा वेल गेला आणि ही शेंग पोचट निघाली, तर आईच्या हातचं असं जगात काहीच राहणार नव्हतं.

भर दुपारी ती वेलापाशी जाऊन बसली. डोळ्यांतलं पाणी खाली टपटपलं. आणि मग काय झालं असेल? खालून आवाज आला.

"मी उघडी गं बाई, मी उघडी."

राणी दचकली. इकडे बघते, तिकडे बघते. कुणीच नाही. ती म्हणाली, "कोण गं तू?"

"मी भुई. मी उघडी गं, मी उघडी."

भुई म्हणजे जमीन. हो शकू, जमीन बोलली. गोष्टीतली आहे ती, आणि एवढी वर्षं सारवून घेतल्यावर कुणीही बोलेल.

राणी धावत राजाकडे गेली. राजा आला, वाकला, कान लावला. त्यालाही तेच ऐकू आलं. राजा बुचकळ्यात पडला. "उघडी? अगं, रोज तर सारवतो हिला! रांगोळी घालतो! उघडी कशी?" प्रधानजी म्हणाले, "महाराज, ऊन लागत असेल." राजाला पटलं. त्यानं सगळ्या बागेवर मांडव घातला. झालरी लावल्या. खाली छान सावली पडली.

दुपारी भुई म्हणाली, "डोकं झाकलंत, अंग उघडंच. मी उघडी गं, मी उघडी."

राजानं कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "अंग झाकायचं म्हणतेय ना? मग झाकू!" त्यानं तो झालरींचा मांडव उतरवला आणि जामदारखाना उघडला. शालू आणले, शाली आणल्या, जरीचे शेले आणले आणि वाफ्यांवर अंथरले. राजाचा तर राज्याभिषेकाचा शेलासुद्धा अंथरला, म्हणजे बघा. मग त्यावर पाणी घातलं. दोन दिवसांत शालू कुबट वास मारायला लागले. शेल्यांत मुंग्या झाल्या. दिगू, तुझ्या अंगावर ही गोधडी आहे ना, माझ्या जुन्या लुगड्यांची? तिच्याऐवजी जरीचा शालू घातला तर टोचून झोप येईल का तुला? तसंच त्या भुईला झालं.

ती म्हणाली, "हे माझं नव्हे. माझं मला द्या. मी उघडी गं, मी उघडी."

शालू-शेले उचलले, पण आता मात्र राजाचं डोकंच चालेना. तो येरझाऱ्या घालायला लागला. "माझं मला द्या म्हणते! आम्ही हिचं घेतलंय तरी काय?" प्रधानजींना माहीत नव्हतं. माळ्याला माहीत नव्हतं. मग राजानं दवंडी पिटवली, की बागेतून ज्यानं ज्यानं जे काही नेलं असेल, त्यानं ते आणून द्यावं, शिक्षा होणार नाही.

अहाहा, काय रांग लागली म्हणता! कुणी खुरपं आणलं. कुणी झारी आणली. एका म्हाताऱ्या बाईनं लहानपणी चोरलेल्या पेरूबद्दल टोपलीभर पेरू आणले आणि वर राजालाच दोन खायला लावले. माळ्याच्या बायकोनं अंबाड्यातलं फूल काढून ठेवलं. खुद्द प्रधानजींनी मान खाली घालून एक पितळी घंगाळ आणलं. राजा त्यांच्याकडे बघतच राहिला. सगळं वाफ्यांवर मांडलं. बागेची नुसती जत्रा झाली.

भुई म्हणाली, "हे माझं नव्हे."

राजा मटकन पायरीवर बसला. प्रधानजी बसले. माळीही बसला. 

आणि त्याच दिवशी राणीचा वेल पुरता वाळला.

राणीनं शेंग तोडून पदरात बांधली. रीतीप्रमाणे माणसं आली, चादर घेऊन, खराटे घेऊन. राणी आडवी आली. म्हणाली, "वेशीबाहेर नाही जाऊ द्यायची मी याला. माझ्या आईचा शेवटचा वेल आहे. मी तो पेटीत ठेवीन, रोज बघीन." राजाला कसंतरीच झालं. तिचं रडणं त्याला बघवेना. आयुष्यात पहिल्यांदा तो रीत मोडायला तयार झाला. "बरं बाई," तो म्हणाला, "ठेव पेटीत. पण खालचा पालापाचोळा तरी काढू दे."

राणीनं वेल खुंटापाशी कापून घेतला, आणि माणसं खराटा मारायला लागली. वेल वाळताना पानं बरीच गळली होती. मुळाशी ती सारवलेल्या जमिनीवर साचून राहिली होती. राणीच्या रडण्यामुळे कुणी दोन दिवस तिथं झाडायला गेलंच नव्हतं. पहिला खराटा लागला आणि भुई कळवळली, "नका गं नेऊ! नका नेऊ!"

"थांबा!" राणी ओरडली. ती गुडघ्यावर बसली. पानांच्या खाली तिनं हात घातला. तिथं गार होतं. सारवण भिजून मऊ झालं होतं, त्याला भेग पडली होती, आणि भेगेतून एक गांडूळ डोकं वर काढत होतं. मग तिनं शेजारच्या झाडलेल्या जागेवर हात ठेवला. तव्यासारखी तापलेली! चटकन हात मागे घेतला तिनं.

एकदा पानांकडे बघे, एकदा चादरीकडे. मग हळूच म्हणाली, "अहो, आपण भेंडी कुठं टाकली?"

"वेशीबाहेर," राजा म्हणाला.

"झेंडू? दोडका?"

"तेही वेशीबाहेर. रीत आहे ना!"

"मग हिचं काय नेलं म्हणून काय विचारता? हिच्याच अंगातून आलं, आणि सगळं आपण उचलून नेलं!"

राजाला काही नीटसं कळलं नाही. पण राणीला कळलं होतं, आणि म्हणूनच तिला रडू फुटलं. कारण वाळलेला वेल तिच्या हातात होता. तो पेटीत ठेवायचा तर भुईला देता येत नव्हता. आणि भुईला द्यायचा तर तो पुन्हा कधी दिसणार नव्हता. शेंग पोचट निघाली, तर आईच्या हातचं तेवढंच तर होतं तिच्याजवळ. तिनं वेल छातीशी धरला. पानं चुरचुरली.

मग तिनं तो मोडला. स्वतःच्या हातांनी, बोटबोटभर तुकडे केले. ते वाफ्यावर पसरले. वरून गळलेली पानं घातली. माळ्याला सांगितलं, "आज जे जे वाळलेलं निघालंय ते सगळं इकडं आण." वांग्याच्या काड्या आल्या, गवार आली. तीही पसरली. खुंटापुरती जागा मोकळी ठेवली, बाकी सगळं झाकलं. भुई काहीच बोलली नाही. पहिल्यांदाच गप्प झाली बिचारी.

राजाचे मात्र हाल बघवत नव्हते. त्याच्या डोळ्यांना तो नुसता उकिरडा दिसत होता! रोज सकाळी खराटा हातात घ्यायचा, बागेपर्यंत जायचा, आणि राणी दिसली की पाठीमागे लपवायचा. "झाडू का थोडंसं? कडेकडेनं?" राणी नुसती बघायची. की हा आपला परत. लोकही गोंधळले. कुणी म्हणे राजवाड्यावर संकट आलंय, कुणी म्हणे झाडणारे रुसलेत.

मग पाऊसकाळ आला. राणीनं पदरातली शेंग सोलली. आत चारच दाणे निघाले. जांभळ्या ठिपक्यांचे. तिनं पाचोळा बाजूला केला आणि बोटानं माती उकरली. बोट आत गेलं! दाणे पेरले, पाचोळा परत ओढून घेतला.

दाणे उगवेनात. राणीच्या तोंडचं पाणी पळालं. आई गेली, वेलही आपल्याच हातानं मोडला, आता दाणेही गेले का? "भुई, अगं बोल की!" ती म्हणाली. भुई बोलेना. राजा म्हणाला, "रागावली असेल." मग म्हणाला, "की झोपली असेल?" त्या बापड्याला काहीच ठाऊक नव्हतं, पण तो तिच्याशेजारी बसून राहिला.

आणि एका सकाळी पाचोळा उचलला गेला. खालून कुणीतरी डोक्यानं ढकलल्यासारखा. दोन पानं वर आली, चुरगळलेली, फिकी हिरवी. मग दुसरं रोप आलं, तिसरं आलं. चौथं काही आलं नाही. पण तीन वेलांनी मांडव असा झाकला, असा झाकला, की खालून आभाळ दिसेना. शेंगांनी मांडव वाकला. राणीनं स्वतः उसळ केली आणि सगळ्या गावाला वाढली. प्रधानजींनी तीनदा मागून घेतली.

जेवण झाल्यावर राजा बागेत आला. अजून गोंधळलेलाच. म्हणाला, "मालन, मला एक सांग. तुझ्या आईचा वेल तू मोडून इथं टाकलास, तो गेला कुठं?"

राणीनं पाचोळा वर केला. खाली काळी, भुसभुशीत माती. वेलाचा एक तुकडा सापडेना.

"मग हा वरचा कोण? तोच का?"

"तोच आहे," राणी म्हणाली. मग म्हणाली, "नाही, तो नाही. तो कसा असेल?" मग मूठभर माती हातात घेऊन तिनं नाकाशी धरली, आणि एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. "अहो, मलाही सांगता येत नाही हो. पण माझी आई इथं आहे."

राजाला यातलं काही कळलं नाही. पण तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी, त्या मातीत, तिच्याजवळ खाली बसला.

मग ते सुखानं राहिले. वेशीबाहेरची वाट मोडली, तिच्यावर गवत उगवलं. राजा पुढं अंगणच तेवढं झाडायचा. आणि चौथ्या दाण्याचं काय झालं ते मला माहीत नाही, शकू. मातीत गेला असेल, नाहीतर चिमणीनं खाल्ला असेल. आता डोळे मिटा. राजा झोपला, राणी झोपली, भुईसुद्धा झोपली. जागे आहात ते तुम्ही दोघंच.