काटे काढणाऱ्या कोल्ह्याची पाटी

मुलांनो, ओढ्याकाठच्या रानात एक कोल्हा राहत असे. पायात रुतलेला काटा काढावा तर त्यानेच! दातांच्या चिमटीत असा अलगद धरी, की दुखणाऱ्याला कळतही नसे. पण एवढ्याने स्वारीचे समाधान होईना. त्याने गुहेबाहेर पाटी लावली : 'सर्व रोगांचे निष्णात वैद्य. सर्पदंशावर हमखास उपचार.' शिकला कुठे, कोणापाशी, ते विचारू नका. पाटी लिहायला काय, कोळशाचा तुकडा पुरतो! सापाच्या विषावरचे औषध खरे ठाऊक होते ते ओढ्यापलीकडच्या मुंगसाला. पण त्याच्या बिळावर पाटीबिटी काही नव्हती.

एके दुपारी एक हरिणी आपल्या पाडसाला कसेबसे ढकलत तिथे आली. "वैद्यबुवा, माझ्या लेकराला काहीतरी चावलं हो! मुंगसाकडे निघाले होते, तेवढ्यात तुमची पाटी दिसली. वाचवा त्याला!"

कोल्ह्याने पाय पाहिला. शेजारी शेजारी दोन टिपके. "चावलंबिवलं काही नाही, बाभळीचा जोडकाटा आहे," असे म्हणून तो टोकरू लागला. काटा काही सापडेना. पाय मात्र सुजत चालला. पाडसाची मान कलली, तोंडाला फेस आला. हा सापच, हे आता कोल्ह्याला कळून चुकले. खरे सांगावे तर अब्रू जाते, न सांगावे तर लेकरू जाते! आणि हा शहाणा अजून अब्रूलाच कवटाळून बसला होता, बरे का! "जरा धीर धर, पडेल उतार," तो पुटपुटला.

"धीर कसला धरू? त्याचे डोळे मिटताहेत!" हरिणी किंचाळली. "खरं सांगा, तुम्हाला येतं ना हो हे?"

"नाही येत," कोल्ह्याच्या तोंडून शेवटी निघाले. "मला फक्त काटे काढता येतात. तू इथंच थांब, मी मुंगसाला आणतो!" तो जिवाच्या आकांताने धावत सुटला.

मुंगूस औषधी मुळी घेऊन आले. त्याने तिचा रस पाडसाला पाजला. हरिणी त्याचे अंग चाटत राहिली. मग पाडसाने डोळे उघडले. "जीव वाचला," मुंगूस म्हणाले, "पण हा पाय आता कायमचा अधू. थोडं आधी बोलावलं असतं, तर तोही वाचला असता."

हरिणी कोल्ह्याकडे वळली. "काटे काढतो, एवढंच लिहिलं असतंस तर काय बिघडलं असतं रे तुझं?"

कोल्ह्याने त्याच दिवशी पाटी पुसली. पण दुसऱ्या दिवशी पायात काटा रुतलेला ससासुद्धा त्याच्या दारावरून लंगडत पुढे निघून गेला.

तात्पर्य : जी विद्या आपण शिकलो नाही, तिची पाटी लावू नये. खोट्या पाटीपायी आपले नाव तर जातेच. पण त्याआधी आपल्यावर विश्वास टाकणाऱ्याचा घात होतो.